पाटी कुणाच्या नावाची?

सकाळी ५.४५, नांदेड

बसस्थानकावर अजून अंधार आहे. जानेवारीची थंडी, चहावाल्याचा स्टोव्ह आणि त्याभोवती हात शेकत उभे राहिलेले कंडक्टर. लातूरची गाडी फलाटाला लागलीय. माझ्याकडे दोन पिशव्या आहेत. एकीत डबा आणि पाण्याची बाटली, दुसरीत लॅपटॉप, फाइली आणि शाईचं पॅड.

शॉप अ‍ॅक्ट, लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी, जीएसटी, भागीदारीपत्र, अन्न परवाना ही माझी रोजची कामं. ऑफिस नांदेडात आहे. लातूरच्या पार्ट्यांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवलेला असतो. फोनवरही ही कामं होतात. पण माणसाच्या दुकानात जाऊन बसल्याशिवाय धंदा खरा कोण चालवतंय ते कळत नाही. आणि मला ते कळायला लागतं, कारण कागदावर त्याच माणसाचं नाव यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी ७.१५, लोह्याच्या पुढे

उजाडलं की मी खिडकीतून पाट्या वाचते. या रस्त्यावर देवांची नावं टप्प्याटप्प्यानं बदलत जातात. नांदेडकडे माहूरची रेणुका. माळेगाव आलं की खंडोबा, म्हणजे ‘जय मल्हार’ हॉटेल, ‘मल्हार’ टायर्स, ‘म्हाळसाई’ किराणा. अहमदपूर ओलांडलं की तुळजापूरची आई जवळ येते आणि ‘तुळजाई’, ‘अंबाई’, ‘भवानी’ सुरू होतात. लातुरात शिरताना सिद्धेश्वर. मार्गशीर्ष अमावास्येची माळेगावची यात्रा होऊन गेलीय, तरी रस्त्याकडेच्या रसवंत्यांवर यात्रेसाठी लावलेले फ्लेक्स अजून तसेच आहेत.

यातलं एकही नाव मालकाचं नाही. आधार कार्डावर एक नाव, पाटीवर दुसरं. आपल्याकडच्या लहान धंद्याची ही नेहमीची रीत आहे आणि कायद्याची तिला काही हरकत नाही. कायद्याला एवढंच हवं असतं, की पाटीमागचा माणूस कोण आहे ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

ही नोंद कुठे होते, तर एका ठिकाणी होत नाही. मालकी हक्काच्या, म्हणजे एकट्या माणसाच्या धंद्याला ‘नावाची नोंदणी’ असं स्वतंत्र रजिस्टर आपल्याकडे नाही. शॉप अ‍ॅक्टच्या पावतीवर आस्थापनेचं नाव येतं, उद्यमच्या प्रमाणपत्रावर येतं, जीएसटी घेतला तर तिथे ‘लीगल नेम’च्या खाली ‘ट्रेड नेम’ म्हणून येतं, खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्यावर येतं, महापालिकेचा व्यवसाय परवाना लागत असेल तर त्यावर येतं. असे चार-पाच कागद एकच नाव सांगू लागले, की ते नाव त्या माणसाला चिकटतं. माझं काम म्हणजे या सगळ्या कागदांना एका सुरात बोलायला लावणं.

सकाळी १०.००, लातूर, मार्केट यार्ड

तुरीचा हंगाम आहे. आडत दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या, हमालांची धावपळ. आडत ओळीतल्या पाट्यांची तऱ्हा वेगळी असते. इथे देव कमी आणि पूर्वज जास्त. पाटीवर पणजोबा आणि आजोबा अशी दोन नावं जोडून आणि गादीवर बसलेला तिसऱ्या-चौथ्या पिढीतला माणूस. ज्यांच्या नावानं रोज लाखोंचा सौदा होतो, ते दोघंही जाऊन पन्नास वर्षं झालेली असतात. शेतकरी मात्र त्याच नावावर विश्वास ठेवून माल घालतो.

आजची पार्टी अशीच आहे. तीन भावांची भागीदारी. थोरले गेले, तेरावं परवा झालं. धाकटे दोघं मला दुकानातल्या मुनीमजींच्या टेबलावर बसवतात आणि विचारतात, “मॅडम, नाव तर तेच ठेवायचंय. आता काय काय करावं लागंल?”

मी सांगते. भागीदारी कायदा १९३२ चा. भागीदार वारला की भागीदारी संपते, पण करारात तसं होणार नाही असं लिहिलेलं असेल तर पुढे चालते. तुमच्या करारात ते कलम आहे, म्हणजे नावाला धोका नाही. थोरल्यांच्या जागी घरातलं जे येईल, त्याचं नाव घालून नवा करार करायचा. भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे बदल कळवायचा. जीएसटीवर भागीदारांचा बदल १५ दिवसांच्या आत टाकायचा. ती मुदत डोक्यावर आहे म्हणून मी आज आलेय. निबंधकांकडचं काम टाळू नका, कारण ज्या भागीदारीची नोंदच नाही, तिला करारावरून येणं असलेल्या उधारीसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. तीच गत, नोंद आहे पण त्यात भागीदाराचं नाव नाही, अशा वेळी होऊ शकते. आडतीचा निम्मा जीव उधारीत असतो. हे त्यांना लगेच पटतं.

“मग दादाच्या जागी पोराचं नाव घालू,” धाकटे म्हणतात. मुलगा १९ वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो.

“वहिनींना विचारलंत?”

दोघं एकमेकांकडे बघतात. नाही म्हणायचं त्यांच्या मनात नसतं. फक्त हा प्रश्न त्यांना सुचलेला नसतो. आम्ही यार्डाजवळच्या त्यांच्या घरी जातो. वहिनी आतल्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या आहेत. मी खाली बसते आणि सगळं सांगते. नफ्यात वाटा मिळेल हे सांगते, आणि दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगते, की फर्मचं देणं थकलं तर देणेकरी कुठल्याही एका भागीदाराकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, स्वतःच्या मालमत्तेतूनसुद्धा. सही करायची तर हे माहीत असून करा.

त्या थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, “माझं घाला. पोराला शिकू द्या. पट्टी-पावत्या मला समजत्यात, रोज रात्री हेच वाचून दाखवायचे.”

कराराचा मसुदा मी मोठ्यानं वाचते, एकेक कलम. वाट्याच्या आकड्यापाशी त्या मला थांबवतात आणि दिराला विचारतात, “ह्यांचा होता तेवढाच का?” “तेवढाच, वहिनी.” मग पुढे वाचायला सांगतात.

दुपारी १२.००, गंजगोलाईजवळ

मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल दुमजली बाजार आणि त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते. लातूरच्या बाहेरच्या माणसाला गोलाईत हमखास रस्ता चुकतो. त्यातल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत एक शिलाईकाम करणाऱ्या ताई बसतात. दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल, दोरीवर टांगलेली झंपरं. हाताखाली एक मुलगी आहे.

ताई प्लास्टिकच्या पिशवीतून एक चेक काढतात. एका शाळेच्या गॅदरिंगचे कपडे त्यांनी शिवले; लावणीचे, कोळीगीताचे, मावळ्यांचे. शाळेनं पैसे वेळेवर दिले, पण चेक दुकानाच्या नावानं काढला, कारण बिलावर दुकानाचं नाव छापलं होतं. बँकेत त्यांचं बचत खातं आहे, स्वतःच्या नावाचं. तिथे हा चेक भरता येत नाही.

“नाव माझंच हाय की ओ, मीच ठेवलंय,” त्या म्हणतात.

नाव त्यांचंच आहे. फक्त ते तसं कुठेच लिहिलेलं नाही.

“कधीपासून शिवता?”

“सात वर्षं झाली शिवायले. ह्या जागेत दिवाळीपासून हाय.”

मी लॅपटॉप उघडते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा. १९४८ चा जुना कायदा जाऊन हा आला, तेव्हा लहान दुकानदाराचा एक मोठा जाच संपला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नको, नूतनीकरण नको. धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची आणि पावती घ्यायची. सूचना धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत द्यायची असते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही दहाची मर्यादा वीसपर्यंत नेण्यास मान्यता दिली. ताईंकडे एकच मुलगी आहे, त्यांचा कुठल्याही मर्यादेशी संबंध येत नाही.

अर्जात आस्थापनेचं नाव दोनदा भरावं लागतं, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. मी विचारते, “पाटीवर कसं लिहिलंय?” आम्ही दोघी बाहेर जाऊन बघतो. पाटीवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे. बिलबुकावर तो ‘ए’ नाही. चेकवर शाळेच्या क्लार्कनं बिलबुक बघून लिहिलंय.

“आपण बिलबुकासारखंच भरू. पाटी नंतर दुरुस्त करा. पण यापुढे उद्यमवर, बँकेत, सगळीकडे हेच स्पेलिंग, एकही अक्षर इकडचं तिकडे नको.” मी त्यांच्या वहीत ते मोठ्या अक्षरांत लिहून देते. पुढे जेव्हा कर्जाची फाइल अडते, तेव्हा ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या अक्षरापाशी अडलेली असते.

मग मालकाचं नाव. ताई म्हणतात, “ह्यांचं टाका ना. कागदाचं सगळं त्यांच्याच नावावर असतंय आमच्यात.”

नवरा पुण्यात कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येतो. मी विचारते, “मशीनवर कोण बसतं? माप कोण घेतं? शाळेत नमुना घेऊन कोण गेलं?” प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच. “मग मालक कोण?” त्या हसतात आणि स्वतःचं आधार कार्ड पुढे करतात.

हा आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरते. नवऱ्याच्या नावावर टाकलं तर आज काही बिघडत नाही. पण उद्या महिला उद्योजकांसाठीची योजना आली, मुद्रा कर्ज घ्यायचं झालं, शासकीय खरेदीत भाग घ्यायचा झाला, किंवा घरातच काही विपरीत घडलं, तर सात वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेली असते. उलटा प्रकारही मी नाकारते. धंदा पुरुषाचा आणि योजनेसाठी बायकोचं नाव, हेही मी करत नाही. तिला कर्जाच्या नोटिशा येतात आणि दुकान कुठे आहे तेही तिला माहीत नसतं.

फोटो, सही, आधार, स्वयंघोषणापत्र आणि दुकानाचा पाटीसकट फोटो. पाटी मराठीत आहे, ते बरं झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार किती हा प्रश्न उरलेला नाही, प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. शुल्क २३ रुपये ६० पैसे. मी ते ताईंना स्क्रीनवर दाखवते आणि माझी फी वेगळी सांगते. सरकारी खर्च किती आणि माझे किती, हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. याच पावतीचे दीड-दोन हजार घेणारे आहेत आणि पैसे सरकारनेच घेतले असं सांगणारेही आहेत.

उद्यम नोंदणीपाशी मात्र आम्ही अडतो. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. ताईंच्या आधारला नवऱ्याचा नंबर आहे.

“ह्यांना फोन लावते, ते सांगतील ना ओटीपी.”

“सांगतील. पण पुढे दर वेळी त्यांनाच विचारावं लागेल. खात्यात बदल, कर्ज, काहीही.”

ताई विचार करतात. चेकवरची तारीख बघतात. चेक तीन महिने चालतो. अजून दोन महिन्यांहून जास्त वेळ हातात आहे. “आधी माझा नंबर जोडून घेते,” त्या म्हणतात. आधार केंद्रावर ७५ रुपयांचं काम, पण रांग आणि एक अख्खा दिवस. मुलगी दुकान सांभाळेल. मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी देते आणि उघडपणेही देते.

दुपारी १.३०

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. ताईंनी त्यांच्या डब्यातलं दही माझ्या ताटात वाढलं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात गेलं होतं का, विचारतात. नाही जमलं म्हटल्यावर पुढच्या वर्षी आमच्या शेतात या, आंबील आणि भज्जी खायला, असं पक्कं आमंत्रण मिळतं.

दुपारी २.१५, बँक

ताईंना घेऊन मी बँकेत जाते. खातं आज उघडायचं नाही, काय लागतं ते त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकावं म्हणून. एकट्या मालकाच्या धंद्याचं खातं उघडताना मालकाच्या स्वतःच्या ओळखीच्या कागदांशिवाय धंद्याच्या नावाचे दोन पुरावे घ्यावेत, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शॉप अ‍ॅक्टची पावती, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी, धंद्याच्या नावचं लाइट बिल, अशी त्याची यादी आहे. काउंटरवरचा तरुण नीट समजावून सांगतो. ताई विचारतात, “खात्यावर नाव दुकानाचं असंल, मग सही कुणाची?” तो म्हणतो, “तुमची. खाली लिहिलेलं असेल, प्रोप्रायटर म्हणून तुमचं नाव.”

बाहेर आल्यावर त्या दोनदा विचारून घेतात, प्रोप्रायटर म्हणजे मालकच ना. मालकच. कायद्याच्या नजरेत एकट्याचं दुकान आणि त्याचा मालक वेगळे नसतात. दुकानाच्या नावावर घेतलेलं कर्ज त्याचंच, दुकानाची कमाईही त्याचीच, आणि उद्या कुणाला दुकानावर दावा करायचा झाला तर दिवाणी प्रक्रिया संहिता त्याला पाटीवरच्या नावानं दावा लावू देते. उत्तर मात्र मालकालाच द्यावं लागतं.

दुपारी ३.००, ट्यूशन एरिया

नीट आणि जेईईच्या जाहिरातींनी भिंती झाकून गेल्यात. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालेली ही शिकवण्याची शिस्त. तिच्या नावावर मराठवाड्यातून, विदर्भातून मुलं येतात. क्लासचे सर तरुण आहेत, गणित शिकवतात. १४ माणसं कामाला आहेत म्हणून त्यांनी पूर्वीच रीतसर नोंदणी प्रमाणपत्र घेतलंय. आता त्यांना नांदेडात शाखा काढायची आहे.

“नांदेडात याच नावाचा क्लास आहे, मॅडम. पण माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे २०१९ पासून. त्यांना नाव बदलायला लावता येईल ना?”

नाही येणार. हा गैरसमज मला रोज भेटतो. शॉप अ‍ॅक्ट नाव राखून ठेवत नाही. एकाच गल्लीत एकाच नावाची दोन दुकानं असली तरी दोघांना पावती मिळते. ते कागद कामगार कायद्याचे आहेत. कामाचे तास, सुट्टी, पगार यांच्यासाठी. जागा कायदेशीर आहे की नाही, हेसुद्धा ते ठरवत नाहीत.

नावाचा हक्क येतो तो ट्रेडमार्कनं, नाहीतर वापरानं. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. शिक्षणासाठी वर्ग ४१. व्यक्ती किंवा लहान उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाचं शुल्क ४,५०० रुपये, नोंद झाली की १० वर्षं, पुढे नूतनीकरण. पण नोंदवणाऱ्याच्याही आधीपासून जो प्रामाणिकपणे ते नाव वापरत आलाय, त्याला कायदा हलवत नाही. नांदेडचा क्लास २०१९ च्या आधीचा असेल, तर उलट तोच सरांना अडवू शकतो. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणं कायद्यानं रोखता येतं, मग नाव नोंदवलेलं असो की नसो.

“मग ‘लातूर पॅटर्न’ जोडतो पुढे.”

“ते सगळेच जोडतात, सर. जे सगळ्यांचं आहे, त्यावर एकट्याला हक्क सांगता येत नाही. आणि नांदेडच्या पालकाला दोन क्लासमधला फरक कळायला हवा.”

ट्रेडमार्कची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट शोधता येते. आम्ही अर्धा तास बसून शोधतो. सरांना सुचलेली पहिली दोन नावं आधीच कुणी घेतलेली निघतात. तिसरं मोकळं दिसतं. गणितातलाच शब्द आहे, छोटा, पोरांच्या तोंडी बसेल असा. सर फळ्यावर तो मोठा लिहून बघतात. आता पाटी रंगवण्याआधी अर्ज करायचा. पाटी, पत्रकं, टी-शर्ट सगळं छापून झाल्यावर माझ्याकडे येणारे जास्त असतात, आणि तेव्हा खर्च शुल्काचा राहत नाही, पुसण्याचा असतो.

दुपारी ४.३०, परतीची गाडी

चाकूर गेलं तरी उभीच. शिरूर ताजबंदला जागा मिळते. फोन सुरूच आहेत.

अहमदपूरचे दोन मित्र भागीदारीत गॅरेज काढतायत. नाव ‘रॉयल’नं सुरू होणारं हवंय. भागीदारी नोंदवायची असेल तर ‘रॉयल’, ‘किंग’, ‘एम्पायर’ असे शब्द सरकारच्या लेखी संमतीशिवाय चालत नाहीत. १९३२ च्या कायद्यातलं ते कलम राजा गेल्यावरही राहिलंय. “पण मॅडम, रोडवर इतके रॉयल हायेत!” आहेत, कारण त्यातले बरेच एकेकट्याचे धंदे आहेत, त्यांना निबंधकांकडे जावंच लागत नाही. तुम्ही दोघं आहात, उद्या पैशावरून बिनसलं तर नोंदणीच कामाला येईल. नाव बदला, नोंदणी सोडू नका. बारला महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत, हेही २०२२ पासून कायद्यात आलंय. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं तर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानं धंद्यासाठी वापरायला बंदी आहे.

दुसरा फोन अमेरिकेत असलेल्या एका नातलगाचा. तिथे त्याच्या बायकोनं घरून पुरणपोळ्या, लाडू करून द्यायला सुरुवात केलीय. टेक्सासमध्ये काउंटी क्लार्ककडे जाऊन एक अर्ज भरला, थोडं शुल्क दिलं आणि धंद्याचं नाव तिच्या नावावर नोंदलं गेलं. कॅलिफोर्नियात तर ते चार आठवडे वर्तमानपत्रात छापावं लागतं, म्हणजे गावाला कळतं की या पाटीमागे कोण आहे. ब्रिटननं पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, असंच रजिस्टर सुरू केलं होतं.

असं एक रजिस्टर आपल्या महापालिकेत, नगरपंचायतीत, ग्रामपंचायतीत असायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाइकाला, बँकेला, माल देणाऱ्याला एका जागी कळेल, आणि गावात ते नाव आधीच आहे का हेही कळेल. आज यातलं बरंचसं काम माझ्यासारख्यांच्या फाइलींवर चालतं, आणि ज्याला आमच्यापर्यंत पोचता येत नाही त्याचं राहून जातं. खेड्यातल्या पापड करणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, शेवया वळणाऱ्या बायकांचं तर हमखास राहतं.

रात्री ८.१५, नांदेड, देगलूर नाका

घरी जाण्याआधी एक काम. देगलूर नाक्याच्या बाजूला एक बेकरी आहे. भट्टीतून नानखटाईचा शेवटचा ट्रे निघतोय. वडिलांनी काढलेलं दुकान, आता मुलगा बघतो. जुनी पाटी उर्दूत, हातानं रंगवलेली, अतिशय देखणी. खाली इंग्रजी. मराठी नाही.

“पाटी उतरवायची का, बाजी?” वडील विचारतात. त्यांच्या आवाजात काळजी आहे.

“उतरवायची नाही, चाचा. मराठी वर घ्यायची, उर्दूपेक्षा लहान नाही. उर्दू खाली तशीच राहू द्या. कायदा दुसऱ्या भाषेला मनाई करत नाही.”

पेंटर आलेला आहे. नाव देवनागरीत कसं लिहायचं यावर चर्चा होते. ‘ज’खाली नुक्ता द्यायचा की नाही. मी सांगते, अन्न परवान्यावर नुक्ता नाही, शॉप अ‍ॅक्टवर नाही, जीएसटी पुढे घ्याल तेव्हाही नसेल. पाटीवर हवा तर देखणेपणासाठी द्या, पण कागदावर एकच रूप ठेवा. चाचा नुक्त्याच्या बाजूनं आहेत. पेंटर खडूनं रेघ मारतो, अक्षरांची उंची मोजतो, आणि चाचा त्याला जुन्या पाटीतलं एक वळण दाखवून म्हणतात, मराठी अक्षरालाही असंच वळण द्या. दोन लिप्या एका हातच्या वाटतील असं तो काढू लागतो. मी फोटो उद्या मागवते.

रात्री १०.००, घर

जेवण झालं की पुन्हा लॅपटॉप. रात्री पोर्टल जरा पळतं. ताईंची सूचना दुपारीच गेली होती. आता पावती डाउनलोड करून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, आणि सांगते की प्रिंट काढून दुकानात लावा. आडतीच्या करारातल्या दुरुस्त्या करते आणि जीएसटीचा बदल भरून ठेवते, सही झाली की लगेच टाकायचा. सरांच्या ट्रेडमार्कच्या अर्जासाठी नाव आणि वर्ग लिहून ठेवते.

लहान दुकान काढणाऱ्या प्रत्येकाला मला एवढंच सांगायचंय. नाव ठरवलंत की पाटी रंगवण्याआधी ते कुणाचं आहे का बघा. एकदाच ठरवा, एकाच स्पेलिंगमध्ये, आणि सगळ्या कागदांवर तसंच लिहा. उद्यमला पैसे मागणाऱ्याला देऊ नका. आणि मालक म्हणून त्याच माणसाचं नाव घाला जो सकाळी शटर वर करतो, जो माप घेतो, जो भट्टीपुढे उभा राहतो. ती बाई असेल तर तिचं. तिच्या आधारला तिचा मोबाइल जोडा, तिच्या नावानं खातं उघडा, सही तिची राहू द्या. पावतीला २३ रुपये ६० पैसे लागतात. एवढ्या पैशात तिच्या कष्टाला तिचं नाव मिळत असेल, तर ते दुसऱ्या कुणाला देण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.